मासा सोडून देण्यासाठी सव्वादोन हजार किलोमीटर

अमेरिकेच्या पश्चिमेकडील ‘फ्लाय फिशिंग’ची मित्रांची सहल, तिच्यामागचा कायदा आणि तापत चाललेल्या नद्या

जून उजाडला की गोव्यातील यांत्रिक होड्या मालीम, कुटबण, वास्कोच्या धक्क्यांवर विसावतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. बाजारात नुस्त्याचे भाव चढतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर गावोगावची मंडळी रात्री टॉर्च घेऊन ओहोळांत, शेतांत चढणीचे मासे धरायला बाहेर पडतात. याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, शिकागो किंवा मिनिआपोलिससारख्या शहरांत, तीन-चार मित्रांचे गट गाडीत सामान भरून पश्चिमेची वाट धरतात. त्यांनाही मासेच धरायचे असतात. मात्र आठ-दहा दिवसांनी ते परततात तेव्हा त्यांच्या बर्फाच्या पेटीत बहुधा एकही मासा नसतो. धरलेला प्रत्येक मासा त्यांनी जागच्या जागी पाण्यात सोडून दिलेला असतो.

मासळीशिवाय ज्याचे जेवण पुरे होत नाही त्या गोमंतकीयाला हा उद्योग विक्षिप्त वाटेल. इतके पेट्रोल जाळायचे, परवान्याचे पैसे भरायचे, बर्फासारख्या पाण्यात तासन्‌तास उभे राहायचे आणि हाती लागलेला मासा परत द्यायचा, यात मिळवले काय? या प्रश्नाचे उत्तर केवळ छंदाच्या ओढीत सापडत नाही. ही सहल दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली, नदीच्या पात्रात पाय ठेवण्याचा सर्वसामान्य माणसाचा हक्क. दुसरी, हाती आलेला मासा सोडण्याचा संयम. दोन्ही गोष्टी अमेरिकेला आपोआप मिळाल्या नाहीत. आता तापत्या उन्हाळ्यांनी त्यांत तिसरीची भर घातली आहे: काही वेळा नदीकडे जाणेच थांबवण्याची.

शिकागो ते बोझमन

उदाहरणादाखल शिकागोहून निघालेला चौघांचा गट घेऊ. त्यांचा मुख्य रस्ता म्हणजे ‘इंटरस्टेट ९०’. पूर्व किनाऱ्यावरील बोस्टनपासून पश्चिमेच्या सिॲटलपर्यंत सुमारे ४,८६० किलोमीटर धावणारा हा अमेरिकेतील सर्वांत लांब आंतरराज्य महामार्ग आहे. शिकागोपासून मोंटाना राज्यातील बोझमन शहर साधारण सव्वादोन हजार किलोमीटरवर आहे. दोघांनी आळीपाळीने गाडी चालवली, बाकी दोघांनी मागे झोप काढली, तर दोन दिवसांत हा पल्ला गाठता येतो. विस्कॉन्सिन व मिनेसोटातील मक्याची शेते संपतात, साउथ डकोटात मिसूरी नदी ओलांडली की कोरडी गवताळ माळराने सुरू होतात, वायोमिंगच्या कोपऱ्यात बिगहॉर्न पर्वताची रांग दिसते आणि मोंटानात बिलिंग्ज शहरापासून यलोस्टोन नदी रस्त्याची सोबत करू लागते. लिव्हिंग्स्टन गावाशी ही नदी दक्षिणेला डोंगरांकडे वळते आणि महामार्ग पुढे बोझमनकडे जातो.

साउथ डकोटात जी मिसूरी पुलावरून मागे पडली, तिच्याच उगमाकडे हे मित्र निघालेले असतात. बोझमनच्या पश्चिमेला थ्री फोर्क्स येथे जेफरसन, मॅडिसन आणि गॅलटिन या तीन नद्या एकत्र येतात आणि मिसूरीचा जन्म होतो. ही नावे १८०५ मध्ये लुईस आणि क्लार्क यांच्या शोधमोहिमेने ठेवली. जेफरसन हे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष, मॅडिसन परराष्ट्रमंत्री आणि गॅलटिन अर्थमंत्री. आज या तिन्ही नावांचा उच्चार करताना गळ टाकणाऱ्यांना राजकारणी आठवत नाहीत, पाणी आठवते. त्यातही मॅडिसनचे वेड मोठे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन या दोन प्रवाहांच्या संगमातून ती निघते. खाली एनिस गावाकडे जाताना तिचे पात्र इतके सलग उथळ आणि खळाळते आहे की तिला ‘पन्नास मैलांचा खळाळ’ असे टोपणनाव पडले आहे.

सहलीची वेळ बर्फ ठरवतो. मे-जूनमध्ये रॉकी पर्वतावरील बर्फ वितळते आणि नद्या गढूळ, फुगलेल्या वाहतात. जुलैच्या सुरुवातीला पाणी निवळते. आपल्याकडे मांडवी जूनमध्ये लाल होते आणि पावसाळा सरल्यावर निवळते, तसेच हे चक्र. फक्त तेथे कारण पावसाऐवजी बर्फ असते आणि कालावधी थोडका.

मुक्काम बहुधा तंबूत किंवा साध्या मोटेलमध्ये असतो. खर्चाची वाटणी होते, तशी श्रमांचीही. या नद्यांवर ‘ड्रिफ्ट बोट’ नावाची दोन्ही टोकांना वर उचललेली होडी चालते. मधल्या बाकावर एक जण वल्ही मारतो, पुढचा व मागचा गळ टाकतात. वल्हवणाऱ्याला त्या वेळी मासा मिळत नाही. होडी प्रवाहाच्या वेगाहून किंचित मंद ठेवून दोघांना चांगली संधी मिळवून देणे हेच त्याचे काम. तासा-दोन तासांनी जागा बदलतात. मैत्रीची परीक्षा बहुधा या मधल्या बाकावर होते. ज्याला वल्हवायचा कंटाळा, त्याला पुढच्या वर्षी बोलावणे येत नाही.

माशीचा गळ

‘फ्लाय फिशिंग’ या नावातील ‘फ्लाय’ म्हणजे माशी, अर्थात खोटी माशी. गळाच्या बारीक आकड्याभोवती पिसे, केस, लोकर आणि रेशमी दोरा गुंडाळून एखाद्या कीटकासारखी आकृती बनवतात. कित्येकदा ती भाताच्या दाण्याएवढीच असते. ही कल्पना प्राचीन आहे. मॅसेडोनियातील लोक लाल लोकर व पिसे लावलेल्या आकड्याने मासे धरतात असे वर्णन सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोमन लेखक ईलियन याने करून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ मध्ये या विषयावर छापील मजकूर निघाला आणि १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन यांचे ‘द कम्प्लीट अँगलर’ प्रसिद्ध झाले.

आपल्याकडच्या गरीपेक्षा या पद्धतीचे तंत्र मुळातच निराळे आहे. गरी टाकताना आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोर पुढे ओढून नेते. माशीला मात्र जवळपास वजनच नसते. म्हणून येथे दोरच जड असतो. सुमारे नऊ फूट लांबीची लवचीक काठी मागे-पुढे हलवून त्या दोराचा हवेत वेटोळा करतात. घड्याळाच्या दहा ते दोन या आकड्यांच्या दरम्यान काठी थांबली पाहिजे, असे नवख्याला शिकवतात. मागे गेलेला दोर पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे झटका द्यायचा. या क्षणभराच्या थांबण्यातच नवशिके चुकतात आणि माशी पाण्याऐवजी मागच्या झुडपात अडकते. दोराच्या टोकाला निमुळता, पारदर्शक धागा असतो. माशाला दोर दिसू नये आणि माशी हलकेच पाण्यावर उतरावी, यासाठी त्याची योजना असते.

माशी पाण्यावर पडल्यावर खरी कसोटी सुरू होते. खरा कीटक प्रवाहाबरोबर मुकाट वाहत जातो. दोर प्रवाहात ताणला गेला की खोटी माशी पाण्यावर रेघ ओढत सरकते आणि ट्राउट मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. त्यामुळे दोर सैल ठेवणे, तो प्रवाहाच्या वरच्या अंगाला पुन्हा उचलून टाकणे, हे सतत करावे लागते.

कोणती माशी लावायची, हे नदी सांगते. मे-फ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय हे येथील मुख्य जलकीटक. मे-फ्लाय आयुष्याचा बहुतेक काळ, सर्वसाधारणपणे वर्षभर, नदीतळाच्या दगडांखाली काढते. पंख फुटल्यावर तिचे आयुष्य जेमतेम एखाद-दोन दिवसांचे. सॅमनफ्लाय नावाची मोठी स्टोनफ्लाय तर तीन-चार वर्षे पाण्यात राहून जून-जुलैच्या सुमारास काही दिवसांसाठी बाहेर येते. हे थवे बाहेर पडू लागले की ट्राउट पृष्ठभागावर येऊन अधाशासारखे खाऊ लागतात. म्हणूनच एनिस, वेस्ट यलोस्टोन, लिव्हिंग्स्टन अशा गावांतील माशांची, म्हणजे खोट्या माशांची, दुकाने ही या सहलीतील माहितीकेंद्रे ठरतात. लिव्हिंग्स्टनचे डॅन बेली यांचे दुकान १९३८ पासूनचे. आज कोणता कीटक उडतो आहे, कोणत्या पुलाखाली पाणी निवळले आहे, हे येथे कळते आणि मोबदल्यात चार माश्या विकत घेण्याचा अलिखित शिष्टाचार पाळला जातो.

थोडक्यात, ज्याला मासा धरायचा त्याला आधी कीटक, दगड, पाण्याचा वेग आणि तापमान यांचा अभ्यास करावा लागतो. या छंदातून नद्यांचे इतके राखणदार का निपजले, याचे एक कारण येथे आहे.

मासा का सोडायचा?

एकेकाळी येथेही मासे सोडत नसत. टोपल्या भरभरून ट्राउट नेले जात आणि रिकाम्या झालेल्या नद्यांत सरकारी मत्स्यबीज केंद्रांतून वाढवलेले मासे ओतले जात. पर्यटकांना मासे हवेत, तर ट्रकने आणून सोडावेत, इतका सरळ हिशेब होता. मोंटानाच्या मत्स्यविभागातील जीवशास्त्रज्ञ डिक व्हिन्सेंट यांनी मॅडिसन नदीवर आणि जवळच्या एका ओढ्यावर पाहणी केली तेव्हा हा हिशेब उलटा असल्याचे दिसले. जेथे केंद्रातले मासे सोडणे थांबवले, तेथे नदीतच जन्मलेल्या रानटी ट्राउटची संख्या वाढली. जेथे ते सोडले, तेथे घटली. या निष्कर्षाला विरोध झाला. तरीही १९७४ मध्ये रानटी ट्राउट तग धरू शकेल अशा नद्यांत केंद्रातले मासे सोडणे मोंटानाने बंद केले. आता नदीत जेवढे जन्मतील, तेवढेच मासे. त्यामुळे धरलेला मासा जिवंत परत सोडणे ही केवळ सद्भावना राहिली नाही, व्यवहाराची गरज झाली. ली वुल्फ यांच्यासारख्या जाणत्या लेखकाने १९३९ मध्येच पुस्तकातून हा आग्रह धरला होता. तो रुजायला पुढची काही दशके लागली.

सोडण्याचेही शास्त्र आहे. गळाच्या आकड्याला आतल्या बाजूने जे उलटे कुसू असते ते पक्कडीने दाबून टाकतात, म्हणजे आकडा सहज निघतो. यलोस्टोन उद्यानात असा बिनकुशीचा आकडा सक्तीचा आहे. माशाला हात लावण्यापूर्वी हात ओले करतात, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा रक्षक बुळबुळीत थर निघून जातो. छायाचित्रासाठी मासा पाण्याबाहेर धरायचा तर काही सेकंदच. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघून जाईपर्यंत आधार द्यायचा.

या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. गळ्याखाली लाल रेषा असलेला ‘कटथ्रोट’ हा येथील मूळचा ट्राउट. यलोस्टोन उद्यानात तो हाती लागला तर सोडलाच पाहिजे. १९९४ मध्ये यलोस्टोन सरोवरात ‘लेक ट्राउट’ हा बाहेरून आलेला मोठा शिकारी मासा आढळला. तो कटथ्रोट खातो आणि खोल पाण्यात राहतो, त्यामुळे ओढ्यांत अंडी घालायला येणाऱ्या कटथ्रोटवर जगणाऱ्या अस्वलांना व गरुडांना त्याचा उपयोग नाही. म्हणून सरोवरात हा मासा मिळाला तर त्याला मारलेच पाहिजे, असा नियम आहे. उद्यान प्रशासनाने जाळी लावून चाळीस लाखांहून अधिक लेक ट्राउट काढले आहेत. सोडायचे की मारायचे, हे दयेवर ठरत नाही. त्या पाण्यात कोणाचे जगणे आवश्यक आहे यावर ठरते. अर्थात याच न्यायाने मोंटानाच्या नद्यांतील लाडका ब्राऊन ट्राउटही परकाच आहे. तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून अमेरिकेत आला. त्याला कोणी हाकलत नाही, ही विसंगती गळ टाकणारेही मान्य करतात.

सोडून देण्यासाठी धरणे हीच क्रूरता आहे, असे मानणारेही आहेत. स्वित्झर्लंडने तर सोडण्याच्याच हेतूने मासे धरण्यावर बंदी घातली आहे. माशाला विनाकारण त्रास देऊ नये, खायचा असेल तरच धरावा, अशी ही भूमिका. गोव्याच्या स्वयंपाकघरातून पाहिले तर ती पटण्यासारखी आहे. पण लाखो पर्यटक येणाऱ्या नद्यांत प्रत्येकाने खाण्यापुरते म्हटले तरी काय उरेल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

पात्रात पाय ठेवण्याचा हक्क

गोव्यात ‘नदी कोणाची?’ असे विचारले की म्हादई आठवते. तो राज्याराज्यांतील पाणीवाटपाचा वाद. मोंटानात हाच प्रश्न वेगळ्या अर्थाने विचारला गेला: दोन्ही काठ एका धनिकाच्या मालकीचे असतील, तर मधून वाहणाऱ्या नदीत गावातल्या सामान्य माणसाला उतरता येईल का?

अमेरिकेच्या पश्चिमेत या प्रश्नाला राज्यागणिक वेगळे उत्तर आहे. वायोमिंगमध्ये नदीवरून होडीने जाता येते, पण तळ खाजगी मालकीचा असेल तर उतरून उभे राहणे किंवा नांगर टाकणे हे अतिक्रमण ठरते. कोलोरॅडोतही खाजगी पात्रात पाय टेकवण्यास मालकाची परवानगी लागते. न्यू मेक्सिकोत २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे एकाच सहलीत राज्याची सीमा ओलांडली की त्याच माणसाचे तेच पाऊल कायदेशीर किंवा बेकायदा ठरू शकते.

मोंटानाने याचा निर्णय आधीच केला होता. १९७२ च्या राज्यघटनेत तेथील सर्व पाणी जनतेच्या वापरासाठी राज्याच्या मालकीचे असल्याचे म्हटले आहे. डिअरबॉर्न आणि बीव्हरहेड या नद्यांवर जमीनमालकांनी लोकांना अडवले, तेव्हा प्रकरणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. १९८४ मध्ये न्यायालयाने सांगितले की पाणी लोकांच्या विहारास योग्य असेल तर ते लोकांना वापरता येईल. तळाची जमीन कोणाच्या नावावर आहे हा मुद्दा गैरलागू. १९८५ मध्ये विधिमंडळाने त्यावर कायदा केला. त्यानुसार नदीच्या नेहमीच्या पूररेषेपर्यंत कोणालाही चालता, पोहता, गळ टाकता येतो. मात्र नदीपर्यंत पोहोचण्यासाठी कोणाच्या शेतातून किंवा कुरणातून जाता येत नाही. मग पोहोचायचे कसे? सार्वजनिक रस्त्यावरील पुलांवरून. हा मार्गही २००९ च्या कायद्याने स्पष्टपणे खुला केला. शिवाय राज्याने तीनशेहून अधिक ठिकाणी नदीकाठी जमीन घेऊन लोकांसाठी उतार, वाहनतळ आणि शौचालये बांधली आहेत. शिकागोच्या चौघा मित्रांची होडी पाण्यात उतरते ती अशाच एखाद्या उतारावरून.

या मित्रांच्या गावाचा आणि या हक्काचा एक जुना संबंध आहे. १८६९ मध्ये इलिनॉय राज्याने शिकागोच्या काठाजवळील मिशिगन सरोवराच्या तळाचा मोठा पट्टा एका रेल्वे कंपनीला देऊन टाकला. चार वर्षांनी तो निर्णय रद्द केला. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८९२ मध्ये न्यायालयाने म्हटले की असे जलाशय राज्याकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात आणि विश्वस्ताला ही जबाबदारी वाटेल तशी झटकता येत नाही. वाहते पाणी आणि समुद्रकिनारा सर्वांचा, या प्राचीन रोमन कायद्यातील कल्पनेचे हे आधुनिक रूप. मोंटानाच्या न्यायालयाने १९८४ मध्ये याच निकालाचा आधार घेतला. आणि १९९६ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका हॉटेलाने प्रवाह वळवल्याच्या प्रकरणात न्यायालयाने विश्वस्ततेचा हा सिद्धांत भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले. शिकागोच्या सरोवरापासून निघालेला हा धागा मोंटानाला जसा पोहोचला, तसा आपल्यापर्यंतही पोहोचला आहे.

अर्थात ‘जनता’ हा शब्द वापरताना त्या भूमीच्या पहिल्या रहिवाशांना विसरून चालत नाही. सेलिश आणि कूटनाय जमातींनी १८५५ च्या हेलगेट कराराने आपली अफाट भूमी सोडली, पण परंपरागत ठिकाणी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. आज फ्लॅटहेड या त्यांच्या राखीव प्रदेशात गळ टाकायचा असेल तर जमातींच्या शासनाचा वेगळा परवाना लागतो. यलोस्टोन उद्यानाचाही परवाना वेगळा, राज्याचा वेगळा. सहलीला निघालेल्यांच्या पाकिटात म्हणूनच तीन-तीन परवाने असतात. त्या शुल्कातून, आणि १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार काठी-गळ वगैरे साहित्यावर लागणाऱ्या १० टक्के करातून, मत्स्यसंवर्धनाचा खर्च भागवला जातो. जो नदी वापरतो तोच तिच्यासाठी पैसा भरतो, अशी ही व्यवस्था आहे.

एक पुस्तक, एक चित्रपट

या सहलीला जगभर प्रसिद्धी मिळाली ती नॉर्मन मॅक्लीन यांच्यामुळे. मोंटानात वाढलेले मॅक्लीन शिकागो विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि उन्हाळ्यात मोंटानातील आपल्या लाकडी घरी जात. निवृत्तीनंतर त्यांनी लिहिलेले ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. वडील, दोन मुले आणि ब्लॅकफूट नदी यांची ती कथा. रॉबर्ट रेडफोर्ड यांनी १९९२ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. त्यात ब्लॅकफूट म्हणून दिसणारे पाणी बरेचसे गॅलटिन व इतर नद्यांचे आहे. कारण खरी ब्लॅकफूट तोवर खाणींनी आणि लाकूडतोडीने खंगली होती. १९७५ मध्ये तिच्या उगमाजवळील खाणीचा गाळ अडवणारा बांध फुटून विषारी गाळ नदीत आला होता. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातील वाचकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे शेतकरी, गळ टाकणारे आणि सरकार यांनी मिळून ओढे दुरुस्त केले. २००८ मध्ये संगमावरील मिलटाउन धरणही फोडण्यात आले. आज ब्लॅकफूटवर पुन्हा होड्या दिसतात.

चित्रपटाने गर्दीही आणली. जुलैतील शनिवारी मॅडिसनच्या उतारावर होड्यांची रांग लागते. एकांताच्या शोधात आलेल्यांनीच एकांत संपवला, अशी तक्रार जुन्या लोकांकडून ऐकू येते. सर्वांचा हक्क मान्य केला की सर्वजण येणार, हेही ओघाने आलेच.

पाणी तापते तेव्हा

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो. अशा वेळी गळाशी झुंजून थकलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही. तो पोहत निघून जातो आणि तासाभराने कोठेतरी उलटा तरंगतो. धरून सोडण्याच्या संपूर्ण तत्त्वाला येथे तडा जातो.

यावर मोंटानाने शोधलेला उपाय ‘हूट आऊल’, म्हणजे घुबडाच्या नावाने ओळखला जातो. कोरड्या, वणव्याच्या दिवसांत लाकूडतोडे घुबडे घुमत असतानाच, पहाटेपूर्वी कामाला लागत; त्यावरून हे नाव. सलग तीन दिवस नदीचे पाणी ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअसला पोहोचले, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत तेथे गळ टाकण्यास बंदी येऊ शकते. सकाळी पाणी थंड असते, तेवढी वेळ मोकळी. उन्हाळे जसे तापत आहेत, तसे हे आदेश सहलीच्या वेळापत्रकाचा भागच बनले आहेत.

काही वेळा तेवढ्यानेही भागत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये यलोस्टोन नदीत हजारो व्हाइटफिश मासे मरून पडले. मूत्रपिंडावर हल्ला करणारा परजीवी हे त्याचे कारण. कमी प्रवाह आणि उबदार पाणी यांनी त्याला बळ दिले. राज्याने नदीचा १८३ मैलांचा, म्हणजे जवळपास २९५ किलोमीटरचा पट्टा लोकांसाठी पूर्ण बंद केला. ऐन हंगामात मार्गदर्शक, मोटेलवाले, दुकानदार यांचे उत्पन्न थांबले. उलट जून २०२२ मध्ये साठलेल्या बर्फावर मुसळधार पाऊस पडला आणि यलोस्टोनला असा पूर आला की उद्यानाच्या उत्तर प्रवेशद्वाराकडील रस्ता नदीने कापून नेला. उद्यान रिकामे करावे लागले.

नदी सर्वांची आहे म्हणून ती बंद करण्याचा अधिकारही सर्वांच्या वतीने वापरता येतो, हा यातला महत्त्वाचा भाग. नदी काठच्या मालकाची असती तर २०१६ मध्ये कोणी कोणाला थांबवले असते?

आपल्या काठावरून

गोव्याला ट्राउट नाहीत आणि बर्फही नाही. पण पाण्यावरचा सामायिक हक्क आणि त्याची शिस्त आपल्याला नवी नाही. खाजन शेतीत बांध आणि मानस गावाने राखायची, मानशीवरील मासे धरण्याचा हक्क पावणीने द्यायचा, ही रीत मोंटानाच्या कायद्याहून कितीतरी जुनी आहे. जेथे बांध फुटले आणि खाजने बुडाली, तेथे ही शिस्तही बुडाली. जून-जुलैची मासेमारीबंदी ही तिचीच आजची सरकारी आवृत्ती म्हणता येईल.

चढणीच्या माशांना मात्र असे कोणतेही संरक्षण मनात धरले जात नाही. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा अंडी घालायला निघालेला असतो. त्या रात्री भरलेली पिशवी म्हणजे पुढच्या वर्षीचे मासेच. ते सगळे सोडून द्यावेत असे कोणी म्हणणार नाही. चढणीच्या माशाचे तिखट हा गावच्या पावसाळ्याचा भाग आहे. पण ओहोळाचे तोंड जाळ्याने पुरते बंद करण्याऐवजी निम्मा प्रवाह मोकळा ठेवायला कायदा लागत नाही, परवानाही लागत नाही.

ऑगस्टमधील एखाद्या तापलेल्या दिवशी मॅडिसनवर दुपारचे दोन वाजायला आले की होड्या काठाला लागू लागतात. चौघे मित्र दोर गुंडाळतात, माशी काठीच्या कडीत अडकवतात आणि सावलीत बसून उरलेला दिवस गप्पांत घालवतात. समोर मासे उड्या मारत असले तरी कोणी उठत नाही. सव्वादोन हजार किलोमीटर आलेल्यांना हे जमते.